आभाळाचे वाफे

१३ डिसेंबर १९५८, मार्गशीर्षाचा शुद्ध पक्ष. स्थळ: सारंगखेड्याजवळ तापीकाठी आमच्या घराचे मागले अंगण. हजर: माझ्या वडिलांची बहीण सोनफुई, तिचे जेठ, म्हणजे थोरले दीर, लोटनबापू, गावचे भटजी, गाद्यांचा कापूस पिंजायला नंदुरबारहून आलेले करीमचाचा, आणि मी. खाटा चार. आम्ही चौघे उताणे, फुई उभी.

फुईने आभाळाचे वाफे पाडले होते. केळीला पाणी धरताना माणसे नेमून देतात, तशा तिने नजरा नेमून दिल्या. उगवतीचा वाफा भटजींना, तापीवरचा करीमचाचांना, सातपुड्याकडचा मला आणि डोक्यावरचा, सर्वांत महत्त्वाचा, लोटनबापूंना. ती स्वतः मुकादमासारखी खाटांमधून फिरत होती. दुसऱ्याच्या वाफ्यात बघायचे नाही, हा नियम.

"भटजी, डोया झाकू नका."

"उघडेच आहेत, बाई."

"मंग घोरी कोन ऱ्हायना?"

करीमचाचा हसले. "बाई, ये तो शैतान को मारे हुए पत्थर हैं. अपन क्यों गिनें?"

"मारा म्हना. पन मन्हा तारा सोडीसन मारा."

आता हा 'मन्हा तारा' काय ते सांगायला हवे. फुईचे यजमान, आमचे फुवा, नंदुरबारहून मिरचीची पोती घेऊन रेल्वेने सुरतेला गेले, ते परतले नाहीत. पत्र नाही, निरोप नाही. फुई माहेरी येऊन राहिली. प्रत्येक माणसाचा एक तारा असतो आणि माणूस गेला की तो पडतो, असे आमच्याकडे म्हणतात. फुईने रोहिणीच्या बाजूचा एक बारका, पिवळसर तारा फुवांचा म्हणून ठरवून टाकला. का तोच, हे कोणी विचारले नाही. तिला विचारायची सोय नव्हती.

तेव्हापासून तारे पडण्याचे हंगाम तिला पेरणी-कापणीसारखे पाठ झाले. चैत्रात सांजेला ती खळ्यावर बसे. श्रावणात पहाटे घोंगडीची खोळ घेऊन ढगांत फट शोधत उभी राही आणि सकाळी चुलीपाशी म्हणे, "यंदा श्रावणनं पीक बुडनं." कार्तिकात तिला पहाटेची थंडी बाधे, तरी ऐकत नसे. मार्गशीर्षाचे पीक सर्वांत दाट, ते जेवणे आटोपताच सुरू होई. ज्येष्ठात तिचा तारा सूर्याच्या उजेडात दिसेनासा होई. शेजारणी चिडवत, "सोनबाई, कोठे गया वं तुन्हा तारा?" ती शांतपणे सांगे, "सुरतले गया. येई."

बारा वर्षे अशी गेली. बारा वर्षे माणसाचा पत्ता नसला की दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा आणि माणूस गेला असे धरायचे, ही रीत. मग बाईने कुंकू पुसायचे, बांगड्या फोडायच्या. लोटनबापूंच्या मुलीचे लग्न ठरले होते. सोयऱ्यांनी विचारले, तुमच्या घरात एक माणूस ना जिवंत ना मेलेला, पत्रिकेत त्याचे नाव कोठे घालता? बापू सरळ माणूस. ते आमच्याकडे आले आणि खाली मान घालून म्हणाले, सारंगखेड्याची यात्रा आटोपली की धाकट्याचे कार्य करून टाकू. सामानाची यादी मीच केली.

फुई रडली नाही. म्हणाली, "मार्गशीर्षनं पीक उनं शे. सर्वा मिळीसन देखा. मन्हा तारा पडना ते मी सोता बांगड्या फोडसू. नही पडना ते पुतळानं नाव काढानं नही."

बापूंनी मान्य केले. भटजींनी शास्त्रात असे काही नाही म्हणून पाहिले, पण फुईपुढे शास्त्र थांबत नसे. म्हणून या खाटा.

सुरुवातीला गंमत वाटली. माझ्या वाफ्यात एक, चाचांच्या वाफ्यात दोन, भटजींच्या वाफ्यात त्यांच्या म्हणण्याप्रमाणे एकही नाही. मग थंडी वाढली, बोलणे थांबले. आणि एकाएकी सगळे अंगण उजळले. पिवळाजर्द एक लोळ पूर्वेकडून निघाला, सरळ डोक्यावर आला आणि रोहिणीच्या अंगावरूनच गेल्यासारखा गेला. मागे धुराची रेघ राहिली. डोळे दिपले होते. तिथे काय उरले, ते कोणालाच दिसेना. फुई जागच्या जागी खाली बसली. तिचा एक हात दुसऱ्या हातातल्या बांगड्यांवर होता.

वाफा लोटनबापूंचा. बोलायचे त्यांनी. ते खाटेवर उठून बसले, टोपी पडली तिकडे लक्ष नाही. आणि तो तारा पडावा म्हणून आलेला माणूस ओरडला, "शे! शे, सोनबाई! नही पडना! तठेच शे मन्हा भाऊ!" मग त्यांनी उपरण्यात तोंड खुपसले. आम्ही तिघे आपापल्या वाफ्यात बघत राहिलो.

सकाळी बापू अजून खाटेवर गाढ झोपलेले होते. फुईने मला चहा दिला. मी हिशेबी माणूस, मला राहवेना. म्हटले, "फुई, पडतात ते तारे नसतात. बारीक खडे जळतात. खरा तारा कधी पडत नाही."

"माहीत शे," ती म्हणाली. "शाळाना मास्तरनी कवळच सांगेल शे."

"मग?"

"म्हनीसन ते तारा धरेल शे, भाऊ. दुसरं सर्वं पडस." तिने बापूंच्या अंगावरची गोधडी सारखी केली. "बापूस्ले सांगू नको. बारा वरीसमा काल त्यास्ले नीट झोप लागनी."

लग्न झाले. पत्रिकेत फुवांचे नाव निमंत्रकांत, बापूंच्या खालोखाल छापले होते. फुई पासष्ट साली गेली, हिरव्या बांगड्यांनिशी. पुढे बापूही गेले. फुवांसाठी करणारे त्या घरात आता कोणी नाही, म्हणून भटजी मला विचारतात. त्यांचे बरोबर आहे. मागे पितर अडलेले ठेवू नयेत. दर्भ, तीळ, जव, लोकर, मध, सगळे नंदुरबारला एका दुकानात मिळते. एका सकाळचे काम. दरवर्षी यात्रेआधी उरकायचे म्हणतो. फुवांचा पुतळा अजून करायचा आहे.