माएस्त्रो कचेरीत राहिले

गावचे मास्तर माएस्त्रो पोलिकार्पो यांना पुरून लोक परतले, तर बासिलिसाचं पावाचं दुकान बंद. सगळा घोटाळा इथून सुरू झाला.

आंबोत गावात मयतीहून कुणी थेट घरी जात नाही. थेट घरी गेलं की गेलेला माणूस पाठोपाठ येतो. म्हणून वाटेत कुठंतरी टेकायचं, काहीतरी तोंडात टाकायचं, म्हणजे तो तिथंच रेंगाळतो आणि आपण सुटतो. आंबोतमध्ये ही सोय पिढ्यान्पिढ्या बासिलिसाच्या दुकानात होती. गावातले निम्मे मेलेले तिच्याच दारात राहिलेत असं लोक म्हणत, आणि तीही गिऱ्हाईक तुटायला नको म्हणून कुणाला नाही म्हणत नसे. पण माएस्त्रोंनी बासिलिसाला बाराखडी शिकवली होती. त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा ती दुकानाला कुलूप लावून स्वतःच मयतीला आली, आणि किल्ली घरी विसरली.

भर दुपार, डोक्यावर ऊन, काळ्या कपड्यांत शंभरेक माणसं. समोर एकच दार उघडं होतं, नगरपालिकेचं. आत पंखे फिरत होते.

"चला, इथंच टेकू," कुणीतरी म्हणालं. माएस्त्रोंची मुलगी निव्हेस गर्दीबरोबर आत गेली. तिला कुणी समुद्रात चल म्हटलं असतं तरी ती त्या दिवशी गेली असती. कुणीतरी तिच्या हातात पाण्याचा पेला दिला, ती प्यायली.

आत मेयर रुपेर्तोंची सभा चालू होती. विषय होता गावाच्या नावाचा फलक. मेयरांचं म्हणणं असं, की दातू आंबोत नावाचा एक शूर सरदार होऊन गेला, त्याच्यावरून गावाचं नाव पडलं. माएस्त्रोंचं म्हणणं वेगळं होतं. कुणी एक स्पॅनिश शिपाई किनाऱ्यावर उतरला, जाळं विणत बसलेल्या म्हाताऱ्याला त्यानं स्वतःच्या भाषेत गावाचं नाव विचारलं. म्हाताऱ्याला प्रश्नच कळला नाही. तो म्हणाला, "आंबोत", म्हणजे "कुणास ठाऊक". शिपायानं तेच लिहून घेतलं.

"आपल्या गावाचं नाव 'कुणास ठाऊक' आहे," माएस्त्रो दर जत्रेत व्यासपीठावरून सांगत, "आणि हे ठाऊक असलेला मी एकटाच." लोक पोट धरून हसत. मेयर हसत नसत. पाहुण्यांसमोर "कुणास ठाऊक गावाचा मेयर" म्हणून उभं राहायची त्यांना लाज वाटे. आता माएस्त्रो गेले, मार्ग मोकळा झाला, म्हणून त्यांनी मयतीच्याच दिवशी सभा लावली होती.

मेयरांनी "दातू" म्हणायला तोंड उघडलं आणि दारातून शंभर काळे कपडे मुकाट्यानं आत आले. सगळे भिंतीला टेकून मेयरांकडे बघत राहिले. खरं तर ते पंख्याकडे बघत होते. मेयरांच्या कपाळाला घाम फुटला.

"ठीक आहे, ठीक आहे," ते घाईघाईनं म्हणाले, "माएस्त्रो म्हणत होते तसाच फलक लागेल. झालं समाधान?"

लोकांनी पाणी पिऊन पेले खाली ठेवले आणि ते आपापल्या घरी गेले. मागं उरलेल्या बासिलिसाला कचेरीतल्या कारकून लुदिव्हिनानं विचारलं, "मानांग, अहो ताई, आलात कुठून सगळे?"

"मयतीहून."

"मध्ये कुठं थांबलात?"

"कुठं थांबणार? माझं दुकान बंद."

लुदिव्हिनाच्या हातातला पेला खाली पडला. "अगं बाई! म्हणजे सगळ्या गावानं माएस्त्रोंना आमच्या डोक्यावर आणून सोडलं की!"

दुसऱ्या दिवसापासून कचेरीत खुर्ची कुरकुरायला लागली. ती आधीपासून कुरकुरत होती, पण आता तिच्याकडे लक्ष जाऊ लागलं. माएस्त्रोंना उशीर खपत नसे, म्हणून कारकून वेळेवर यायला लागले. सूचनाफलकावरच्या चुका लुदिव्हिनानं रातोरात खोडल्या. खिडकीजवळ एक खुर्ची रिकामी ठेवली जाऊ लागली, तिच्यासमोर भाजलेल्या तांदळाची कॉफी. म्हातारे कोळी येऊन त्या खुर्चीला आपल्या पणजोबांच्या होड्यांची नावं सांगत बसत, जशी ते माएस्त्रोंना सांगत. मेयरांनी एकदा चुकून "दातू" हा शब्द उच्चारला आणि वीज गेली. आंबोतमध्ये वीज रोजच जाते, पण त्या दिवशी ती त्या शब्दामुळे गेली.

निव्हेसच्या घरी नऊ दिवसांची प्रार्थना चालू होती. येणारा प्रत्येक जण सांगे, "आज माएस्त्रो खोकले बरं का." "आज माझ्याकडे रोखून बघितलं त्यांनी." ती मान डोलवी. रोज ती एक ताट वाढून ठेवी, रोज ते तसंच राही. साधं स्वप्नही पडलं नाही. सगळ्या गावाला भेटणारा बाप एकट्या तिलाच भेटत नव्हता. आणि तिला त्यांना एवढंच सांगायचं होतं, की ताताय, तुमच्या म्हणण्याचा फलक लागतोय. हे ऐकायला ते आयुष्यभर थांबले होते आणि दोन दिवस आधी गेले होते.

नवव्या दिवशी मेयर स्वतः आले. हातात केळ्यांचा घड.

"इंदाय, पोरी, तुझ्या वडिलांना घरी घेऊन जा."

"मी?"

"लेक तू. आमचं कोण ऐकतंय? मरेपर्यंत ऐकलं नाही, आता काय ऐकणार?"

निव्हेसला त्यांच्या मनातलं कळलं नाही असं नाही. पण तिनं वेणी घातली आणि निघाली.

कचेरीत सगळे उठून उभे राहिले. बासिलिसानं मंत्र सांगावा तसं कानात सांगितलं, "मोठ्यानं बोलाव. आणि वाटेत थांबू नको. थांबलीस की तिथंच राहतील."

निव्हेस रिकाम्या खुर्चीसमोर उभी राहिली. "ताताय," ती म्हणाली, "चला घरी."

मग ती चालायला लागली. मागून सगळी कचेरी, पुढं मेयर. दोन्ही बाजूंच्या ओसऱ्यांतून नेहमीच्या हाका आल्या, "या जेवायला!" आंबोतमध्ये ही हाक न मारणं म्हणजे भांडण. मेयर हात जोडत पुढं धावत होते. "कुणी बोलावू नका तिला! आज कुणी माणुसकी दाखवू नका!"

तीनचाकीवाला डामासो शेजारून हळूहळू चालवू लागला. "मानांग, बसा की. तुमचं एकटीचंच भाडं घेईन, त्यांचं नको."

"त्यांना फुकटचं चालत नाही, डामासो," निव्हेस चालता चालता म्हणाली. नऊ दिवसांत ती पहिल्यांदा हसली.

फाटकाशी ती आत गेली. बाकीचे सगळे वळून बासिलिसाच्या दुकानाकडे पळाले, नाहीतर परत जाताना माएस्त्रो पाठीला लागले असते. त्या दिवशी बासिलिसाचा शिळा पावसुद्धा खपला.

घरात कुणी नव्हतं. निव्हेसनं तांदळाची कॉफी केली, दोन पेल्यांत ओतली आणि बसून राहिली. काही झालं नाही. तिला स्वतःचंच हसू आलं. बाई, तू पुस्तकं वाचलेली. ती पेला उचलणार तोच समोरच्या वेताच्या खुर्चीनं एक लांब श्वास सोडला. वडील मागं रेलले की ती असाच सोडायची. वारा नव्हता. निव्हेसनं वर बघितलं नाही. खाली बघतच तिनं सांगायला सुरुवात केली, पंख्याचं, काळ्या कपड्यांचं, मेयरांच्या घामाचं. फलकाचं शेवटी सांगितलं. उत्तर आलं नाही. कॉफी संपेपर्यंत ते कधीच बोलत नसत.

सकाळी ती उठली तेव्हा बाहेर लुदिव्हिना धापा टाकत उभी होती.

"मानांग, घात झाला! मेयर शिडी लावून बसलेत. म्हणतात, माएस्त्रो घरी गेले, आता दातूचाच फलक लागणार. सुतार शिडीवर चढायला तयार नाही. म्हणतो, आधी विचारून या, मगच खिळा ठोकतो." तिनं आवाज खाली आणला. "खरंच आले का हो ते घरी?"

निव्हेस दारात उभी राहिली. आत वेताची खुर्ची होती. नऊ दिवस वाढलेली ताटं तिला आठवली. 'आले' म्हटलं असतं तर ते तिचे झाले असते, आणि कुणी तिला बोलही लावला नसता.

"नाही गं," ती म्हणाली. "रात्रभर वाट बघितली. आलेच नाहीत."

लुदिव्हिनाचा चेहरा उजळला. "तरी मी म्हटलं! ते कसले हलताहेत!" ती रस्त्यानं ओरडतच पळाली, "आहेत! कचेरीतच आहेत! उतरवा ती शिडी!"

तिचा आवाज वळणाआड जाईपर्यंत निव्हेस उभी राहिली. मग तिनं दार लावून घेतलं, खिडकीचा पडदाही ओढला.

"ताताय," आत वळून ती हळू आवाजात म्हणाली, "फलक लागेपर्यंत बाहेर कुणाला दिसू नका हं."