लिंबूटिंबूंचे एकवीस सामने

"असं वेळापत्रक करून दाखवतो, की एकाही क्लबाला तोंड उघडायला जागा राहणार नाही!"

असं म्हणून चिटणीसांनी टेबलावर पट्टी आपटली. पट्टी मोडली. शहाण्या माणसाने तिथेच काय ते ओळखलं असतं. पण टायरच्या दुकानावरच्या त्या दोन खोल्यांत शहाणा माणूस सहसा फिरकत नसे. तिथे फुटबॉल लीगचं ऑफिस होतं.

लीग तरी कसली! आठ क्लब, आठ मालक आणि आठांचं आठ दिशांना तोंड. खेळाडूंना पगार मिळायचा म्हणून व्यावसायिक म्हणायचं, एवढंच. क्लब ओळखले जायचे ते मालकांच्या धंद्यावरून. बर्फवाले, छत्रीवाले, बिस्किटवाले वगैरे. आठवा क्लब कागद गिरणीचा, पण त्यांना कागदवाले असं म्हणायचे कष्ट कुणी घेत नसे. पोरांच्या खेळात एखादं पोर असतं बघा, रडतं म्हणून खेळायला घेतात, पण त्याचा डाव धरत नाहीत. तसे हे. सगळे त्यांना लिंबूटिंबूच म्हणायचे. सलग दोन वर्षं तळाला होते. तिसऱ्यांदा तळाला गेले तर लीगबाहेर, असा नियमच होता. आणि या लिंबूटिंबूंचा प्रशिक्षक होता चिटणीसांचा सख्खा मेहुणा, त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. चिटणीस त्याच्याकडे ज्या नजरेने बघायचे, त्या नजरेने लोक गळक्या नळाकडे बघतात.

तर झालं होतं असं. दरवर्षी प्रत्येक क्लब बाकीच्या सातांशी दोनदा खेळायचा. सात दुणे चौदा, विषय संपला. पण यंदा लीगच्या अध्यक्षांनी, म्हणजे गाद्यांच्या कारखानदारांनी, मैदानावरच्या जाहिराती विकताना 'प्रत्येकाचे पंधरा सामने' असं ठोकून दिलं होतं.

"एकेक सामना वाढवा," अध्यक्ष म्हणाले. "आणि ऐका चिटणीस, तुम्ही यंदा निवृत्त होताय. वेळापत्रकावर एकही तक्रार आली नाही, तर दोन वर्षं मुदतवाढ. एक जरी आली, तर घरी बसून कुंड्यांना पाणी घाला!"

कुंड्या! अकरा वर्षं फिरत्या खुर्चीत बसलेला माणूस कुंड्यांना पाणी घालणार? ती खुर्ची एका बाजूला कलायची, पण 'साहेब' म्हणून हाक यायची ती तिच्यातच बसल्यावर.

त्यांनी पहिल्यांदा चिठ्ठ्या टाकल्या. आठ क्लब, चार जोड्या, प्रत्येकाला एक जादा सामना. सोपं! लिंबूटिंबू आले छत्रीवाल्यांच्या वाट्याला. छत्रीवाले बैठकीत असे हसले, की त्यांची अक्कलदाढ दिसली.

"हा अन्याय आहे!" गेल्या वर्षीचे विजेते बर्फवाले उठले. "यांना फुकटचे तीन गुण, आणि आम्हाला काय? बिस्किटवाले?"

"म्हणजे? आमच्याशी खेळायला लाज वाटते?"

"लाज नाही हो, त्रास वाटतो. तुम्ही लाथा मारता!"

"आम्हालाच लिंबूटिंबू हवेत!"

"तुम्हालाच का? आम्ही काय घोडं मारलंय?"

सात मालक, सात तोंडं, सगळ्यांचं एकच मागणं. रस्त्यावरच्या लोकांना वाटलं, वर मारामारी चाललीय. आणि तेवढ्यात चिटणीसांच्या डोक्यात प्रकाश पडला. फार दिवसांनी पडल्यामुळे त्यांचे स्वतःचेच डोळे दिपले.

"थांबा! जादा सामना सातही जणांना लिंबूटिंबूंशीच देतो. सगळ्यांना सारखं. आता बोला, अन्याय कुणावर?"

टाळ्याच टाळ्या! बर्फवाल्यांनी तर चिटणीसांना मिठीच मारली. न्यायी माणूस, देवमाणूस! कोपऱ्यात मेहुण्याने हात वर केला होता. तो कुणाला दिसला नाही, म्हणून त्याने दुसराही वर केला.

"भाऊजी, म्हणजे या सगळ्यांचे पंधरा, आणि आमचे चौदा अधिक सात... एकवीस?"

"मग काय झालं? नाहीतरी यंदा लीगबाहेर जाणारच आहात. जाताना पोटभर खेळून जा!"

सगळे खदाखदा हसले. मेहुणा खाली बसला. वेळापत्रक एकमताने मंजूर झालं. त्याचं मत विचारायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही.

घरी मात्र बायकोने चहाचा कप टेबलावर असा आदळला, की निम्मा चहा बशीत.

"अहो, माझ्या भावाची पोरं काय गाढवं आहेत? रविवारी खेळा, बुधवारीही खेळा!"

"अगं, न्याय सातांना मिळाला. आठात सात म्हणजे किती झाले? हिशेबाने जवळजवळ पूर्ण न्याय!"

"तुमचा न्याय घाला चुलीत! निदान ते सात सामने तरी त्याच्या मैदानावर ठेवा."

"ठेवतो! त्या मैदानावर ठेवले काय आणि जिन्यावर ठेवले काय!"

यात चिटणीसांचं काही फारसं चुकत नव्हतं. लिंबूटिंबूंचं मैदान उतारावर होतं. मधोमध ठेवलेला चेंडू कुणी हात न लावता कोपऱ्यात जायचा आणि तिथल्या चिखलात बसायचा. तिथे खेळायचं कसं, हे फक्त लिंबूटिंबूंना माहीत होतं. इतके दिवस त्याचा उपयोग मात्र झाला नव्हता.

हंगाम सुरू झाला. पहिले चार सामने लिंबूटिंबू हरले. चिटणीस वहीत गुण मांडताना शीळ घालायचे. जिंकल्यास तीन, बरोबरीस एक, हरल्यास भोपळा. मग बुधवारचे जादा सामने सुरू झाले. लिंबूटिंबूंशी खेळायला चांगले खेळाडू कशाला दमवायचे? बिस्किटवाल्यांनी राखीव पोरं पाठवली. छत्रीवाल्यांनी तर गोलकीपर म्हणून मालकाचा भाचा पाठवला. भाच्याने तीन गोल खाल्ले आणि चौथा स्वतःच केला. इकडे लिंबूटिंबूंची पोरं आठवड्यातून दोनदा धावून धावून घोड्यासारखी झाली, आणि बाकीचे आठवडाभर बसून जड. मेहुण्याने एकच डाव शिकवला होता. नऊ जणांनी गोलसमोर उभं राहायचं, आणि दहाव्याने चेंडू उतारावर सोडायचा. शून्य-शून्य. पुन्हा शून्य-शून्य. एक गुण, एक गुण, एक गुण.

अकराव्या आठवड्यात चिटणीसांनी बेरीज केली आणि शीळ तोंडातच राहिली. लिंबूटिंबू तिसरे!

"चूक झाली असणार," म्हणून पुन्हा केली. उलटीकडून केली. खोडरबर झिजला, पण लिंबूटिंबू काही खाली उतरेनात. एकवीस सामने खेळणारा माणूस बरोबरी करत करत पंधरा सामन्यांवाल्याच्या डोक्यावर बसू शकतो, हे दुसरीतल्या पोराला कळलं असतं. पण वेळापत्रक दुसरीतल्या पोराने केलं नव्हतं. आणि नियम नववा भिंतीवर फ्रेम करून लावलेला होता: 'ज्याचे एकूण गुण सर्वाधिक, तो विजेता.' खाली सही चिटणीसांचीच.

आता अध्यक्षांना सांगावं? काय सांगणार, वेळापत्रक चुकलंय? म्हणजे पहिली तक्रार स्वतःच करायची! कुंड्या डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या. चिटणीसांनी भिंतीवरच्या गुणतक्त्यावर गाद्यांचं कॅलेंडर टांगलं आणि गप्प बसले.

बर्फवाले दर सोमवारी फोन करायचे. "काय हो, छत्रीवाले आमच्या मागेच ना?"

"मागेच, मागेच."

"किती?"

"चांगले तीन गुण!"

एकही शब्द खोटा नव्हता. लिंबूटिंबूंचं कुणी विचारलंच नाही, मग चिटणीसांनी तरी का सांगावं? जो माणूस शिडीच्या खालच्या पायरीकडे बघायला तयार नाही, त्याला वर कोण चढलंय हे कसं दिसणार?

शेवटचा सामना आला. बर्फवाले विरुद्ध लिंबूटिंबू, उताराच्या मैदानावर. बर्फवाल्यांचे गुण चोवीस, लिंबूटिंबूंचे पंचवीस. बर्फवाले जिंकले की सत्तावीस, आणि सगळं सुरळीत. चिटणीस प्रेक्षकांत बसून बर्फवाल्यांसाठी मनातल्या मनात नवस बोलत होते.

पण बर्फवाल्यांच्या मालकाला वाटत होतं, शर्यत छत्रीवाल्यांशी आहे. त्याने खेळाडूंना बजावलं, "बरोबरी पुरे! उगाच पाय मोडून घेऊ नका."

झालं! दोन्ही संघ बरोबरीलाच टपलेले. नव्वद मिनिटं चेंडू कोपऱ्यातल्या चिखलात, आणि बावीस माणसं हात कमरेवर ठेवून उभी. पंचाने दोनदा घड्याळ कानाला लावून बघितलं. शेवटची पाच मिनिटं उरली तेव्हा चिटणीसांना राहवेना. ते बाकावर उभे राहून ओरडले, "अहो बर्फवाले, एखादा गोल करा हो!"

"चिटणीस!" बर्फवाल्यांचे मालक गरजले. "निःपक्षपाती राहा जरा! खुर्चीची तरी लाज बाळगा!"

शून्य-शून्य! बर्फवाले एकमेकांच्या खांद्यावर चढून नाचू लागले. मेहुणा शांतपणे मैदान ओलांडून आला. खिशातून घडी घातलेला कागद काढून त्याने अध्यक्षांपुढे धरला. एकवीस सामन्यांची बेरीज, शाईने केलेली.

"सव्वीस," तो म्हणाला. "यांचे पंचवीस. नियम नववा. सही भाऊजींची."

अध्यक्षांनी कागद वाचला, उलटा करून वाचला, आणि ऑफिसातलं आपलंच कॅलेंडर उचकटायला माणूस पाठवला.

दुसऱ्या दिवशी टायरच्या दुकानापर्यंत रांग होती. सात क्लब, सात तक्रारी. ज्या वेळापत्रकाला मिठ्या मारल्या होत्या, ते आता पक्षपाती, मतलबी, मेहुण्याचं भलं करणारं! आणि वेळापत्रक मंजूर झाल्यापासून पहिल्यांदाच बायकोने चिटणीसांना बशीत न सांडलेला चहा दिला.

अध्यक्षांनी बैठक बोलावली. मेहुणा विजेतेपदाची ढाल मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसला होता. आता त्याला कुणीही बसायला जागा देत होतं.

"गप्प बसा सगळे!" अध्यक्ष म्हणाले. "नियम म्हणजे नियम, ढाल त्यांची. पण पुढच्या वर्षीच्या जाहिराती मी पंधरा सामन्यांच्याच विकून बसलोय. तेव्हा पुन्हा एकाला सातजणांशी जादा खेळावं लागणार. यंदा सगळ्यात लिंबूटिंबू कोण?"

हंगामाआधी ज्या नावाला सगळे हसले, त्यासाठी खुर्च्या पडल्या.

"आम्ही!" बर्फवाले ओरडले. "आमच्या गोलकीपरला लांबचं दिसत नाही!"

"आमच्याला जवळचंही दिसत नाही!" छत्रीवाले.

"आमची पोरं लाथा मारतात, पण चेंडूला लागत नाहीत हो!" बिस्किटवाले जवळजवळ रडलेच.

अध्यक्षांनी वर आलेले हात मोजले. क्लब आठ, मेहुण्याने हात वर केलाच नव्हता, म्हणजे सात व्हायला हवे होते. त्यांनी पुन्हा मोजले. आठ.

आठवा हात कलत्या खुर्चीतून वर आला होता. त्या हातात नवी पट्टी होती.

"चिटणीस? तुमचा हात कशाला?"

"साहेब," चिटणीसांचे डोळे पुन्हा दिपले होते, "मला एक नामी तोडगा सुचलाय! सगळ्यांना सारखा न्याय..."

"बाकीच्यांनी हात खाली घ्या," अध्यक्ष म्हणाले. "खरा लिंबूटिंबू सापडला."