वर्तुळातलं डुक्कर

मी जहाजावरचा दिशा दाखवणारा अधिकारी! अर्धी पृथ्वी पालथी घातली, पण एकदाही चुकीच्या बंदरात शिरलो नाही. त्यामुळे फेलिसाला मागणी घालायला बोहोल बेटावर तिच्या घरी गेलो, तेव्हा सोबत द्यायचं लेचॉन, म्हणजे अख्खं भाजलेलं डुक्कर, घरपोच मागवणं म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ! भाजणाऱ्याला मोबाईलवरून घराची जागा पाठवली आणि ऐटीत बसलो.

फेलिसाची भाचरं भोवती जमली. त्यातली तिनाय मोबाईलमध्ये डोकावली. "काका, ठिपक्याभोवती हे निळं वर्तुळ कसलं?"

मला असा हुरूप आला! "ठिपका म्हणजे नुसता अंदाज, बाळा. उपग्रहाचा संदेश पत्र्यावर आपटतो, माडावर आपटतो, वाकडातिकडा पोचतो. म्हणून आपण ठिपक्यावरच असू असं नाही. या वर्तुळात कुठेतरी असतो."

"कुठेही?"

"कुठेही!"

"कोंबड्यांच्या खुराड्यात?"

"तेही वर्तुळात!"

"शेजारच्या कुलासआजोबांकडे?"

"तेही! शाब्बास! आता नाक्यावर जा आणि लेचॉनवाल्याला वाट दाखवा."

पोरं धूम पळाली. इकडे वाट पाहून माझ्या होणाऱ्या सासऱ्यांच्या पोटात कावळे ओरडू लागले. शेवटी तिनाय आली, ओठ चाटत!

"लेचॉन कुठंय गं?"

"वर्तुळात!"

मी धावलोच! गावच्या संताचा उत्सव, त्यामुळे घरोघरी दारं सताड उघडी, येईल त्याला जेवण. कुलासआजोबांच्या टेबलावर माझं डुक्कर आणि भोवती निम्मं गाव!

"ये रे, बस, जेव!" आजोबा म्हणाले. "कुणा देवमाणसानं पाठवलंय बघ!"

उत्सवाच्या दिवशी लोकांच्या ताटातलं परत मागायचं? जीभ रेटेना.

"गाडीवाल्यानं विचारलं, हेच का घर?" तिनाय म्हणाली. "आम्ही म्हटलं, वर्तुळात आहे ना, मग बरोबर!"

तेवढ्यात सासरे मागून आले. "ज्याला डुक्कर धड घरी आणता येत नाही, तो माझ्या पोरीला कुठं नेऊन सोडेल?"

फेलिसा पुढे झाली. "बाबा, समुद्रात शेजारी नसतात. तिथं तो बरोबर पोचतो!" आणि तिनं कुरकुरीत कातडीचा एक मोठा तुकडा त्यांच्या तोंडात कोंबला.

ते चावत राहिले.

"बरं, दिली पोरगी!" ते म्हणाले. "पण लग्नाच्या दिवशी याच्या हाती मोबाईल नको. पोरं हाताला धरून चर्चमध्ये आणतील."

"इतकंही काय!" मी हिरमुसलो.

"असं कसं, काका?" तिनाय म्हणाली. "कुलासआजोबांच्या नातीचं, मिलाग्रोसचंही लग्न व्हायचंय. आणि ती पण वर्तुळातच राहते!"