मिस्त्रींची स्वतंत्र खोली

यंदाची सहल आपण एकटे ठरवणार आणि चहा गार व्हायच्या आत ठरवणार, असं मिस्त्रींनी रविवारी सकाळी जाहीर केलं. उभा जन्म लोकांच्या घरांना दारं-खिडक्या बसवण्यात गेला होता त्यांचा. कपाट कुठे ठेवायचं यावरून सख्खे भाऊ एकमेकांच्या उरावर बसलेले त्यांनी पाहिले होते. अशा वेळी कानावरची पेन्सिल काढायची, भिंतीवर खूण करायची आणि म्हणायचं, "इथे." तंटा मिटला. मग आपल्याच घरातली चार माणसं दोन रात्री कुठे झोपणार, हे ठरवायला असा कितीसा वेळ लागणार?

चहा गार झाला. त्यावर साय धरली. आठवडा उलटला तरी काही ठरलं नाही, आणि घरातली भांडी मात्र रोज जरा जास्त जोरात आपटू लागली.

गोष्ट अशी होती. नातीच्या शाळेला सुट्टी लागली की हे कुटुंब एका मोठ्या पार्कात जायचं. पाण्याच्या घसरगुंड्या, आकाशाला टेकणारा पाळणा, अस्वलाचं नि सशाचं सोंग घेऊन पोरांशी हस्तांदोलन करणारी माणसं, असं सगळं तिथे होतं. उतरायचं ते पार्कामागच्या झाडीतल्या लाकडी केबिनमध्ये. मागच्या वर्षी मिस्त्रींची बायको आजारी होती, म्हणून जाणं झालं नाही. नंतर ती गेली. यंदा नातीने विचारलं, आणि नातीला नाही म्हणायची कोणाची छाती नव्हती.

पण सुनेने केबिनचं नावही काढलं नाही. तिने मोबाइल मिस्त्रींच्या नाकासमोर धरला. पार्काच्या दारातच हॉटेल होतं आणि त्यात सुइट होता. मधे बसायची खोली, दोन बाजूंना दोन बेडरूम, खाली गालिचा, सकाळचा नाश्ता आयता.

"बाबा, तुम्हाला एक अख्खी स्वतंत्र खोली," ती म्हणाली. "दार लावलं की बाहेरचा एक आवाज आत येणार नाही. निवांत झोपा."

झालं. मिस्त्रींच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आता यात चिडण्यासारखं काय होतं? तर बायको गेल्यापासून मिस्त्री त्यांच्या खोलीत झोपलेच नव्हते. रात्री ते बाहेरच्या खुर्चीत बसायचे, टीव्ही लावायचे, कोणी विचारलं तर बातम्या बघतोय म्हणायचे, आणि मान वाकडी करून तिथेच जेमतेम डोळा लावायचे. खोलीत गेलं, दार लावलं की आतली शांतता छातीवर येऊन बसायची. हजारो दारं बसवलेला माणूस बंद दाराला घाबरतो, हे जगाला सांगायचं कसं? केबिनचं बरं होतं. एकच खोली, भिंतीला फळ्यांचे पलंग, कोपऱ्यात चूल आणि ओटा. कोणी कूस बदलली तरी ऐकू यायचं.

हे त्यांनी सांगितलं असतं तर गोष्ट इथेच संपली असती. ते म्हणाले, गालिच्यात ढेकूण होतात. हॉटेलच्या खिडक्या उघडत नाहीत, माणूस आत उकडून मरतो. आणि हॉटेलची दारं म्हणजे निव्वळ पुठ्ठा, पलीकडचा शिंकला तर इकडच्याने नाक पुसावं. सून म्हणाली की मग आवाज येईलच की, एकटं वाटायचं कारण नाही. एवढं बरोबर उत्तर आल्यावर मिस्त्रींपुढे ओरडण्याशिवाय दुसरा मार्ग उरला नाही. ते ओरडले. केबिन नाहीतर मी येणार नाही, म्हणाले.

खरं सांगायचं तर या घरात कोणी कोणाशी सरळ बोलायचंच नाही. जे काही असेल ते मिस्त्रींच्या बायकोला ओट्यापाशी जाऊन सांगायचं. मुलगा म्हणायचा, आई, बाबांना सांग मला दुकानात बसायचं नाही. मिस्त्री म्हणायचे, त्याला सांग केस काप. सून आली, तीही महिन्याभरात याच रांगेत उभी राहिली. ती बाई सगळ्यांचं ऐकायची, तांदळासारखं निवडायची, खडे बाजूला टाकायची आणि संध्याकाळी सगळे जेवायला बसले की म्हणायची, "मला मेलीला असं वाटतं की..." मग तिला वाटतंय म्हणून सगळे ऐकायचे. कोणी हरायचं नाही. आणि आता ती गेली होती. गेली ती गेली, पण हा कारभार कोणाच्या हाती न देता गेली. मिस्त्रींना तिचा या एका गोष्टीसाठी इतका राग यायचा की तिच्या फोटोसमोर उभं राहून ते तोंडातल्या तोंडात भांडायचे.

ओरडले त्याच दिवशी मिस्त्रींनी फोन करून केबिन ठरवली. त्याच संध्याकाळी सुनेने मोबाइलवरून सुइट ठरवला. एका म्यानात दोन तलवारी. मुलगा बिचारा दोघांच्या मधे जेवायला बसायचा आणि मीठ मागायलाही घाबरायचा.

मग एक दिवस सुनेने कणीक मळता मळता तोफ डागली. ओरडली नाही, मान वर करूनही पाहिलं नाही.

"केबिनमध्ये चुलीपाशी कोण उभं राहणार, बाबा? आई राहायच्या. इतक्या वेळा गेलो आपण. त्या कधी पाळण्यात बसल्या का, आठवा जरा."

मिस्त्री तिला काहीतरी सुनावणार होते. त्याआधी पुरावा म्हणून त्यांनी बायकोला पाळण्यात आठवून पाहिलं. आठवेना. घसरगुंडीवर, आगगाडीत, सशाशेजारी फोटोला उभी, कुठेच आठवेना. आठवली ती केबिनच्या खिडकीत, हातात आमटीचा डाव घेऊन, जाणाऱ्यांना "लवकर या" म्हणणारी. सून बरोबर होती. बरोबर होती म्हणून मिस्त्रींना तिचा राग आला. मग बायकोचा आला, तोंड शिवलं होतं का तुझं म्हणून. मग स्वतःचा आला, पण तो फार वेळ ठेवण्यासारखा नसल्याने त्यांनी पुन्हा सुनेवरच वळवला.

दुसऱ्या दिवशी, घरात कोणी नसताना, त्यांनी केबिन रद्द केली.

कोणाला सांगितलं नाही. आता सांगायचं तरी कोणाला? शिवाय त्यांचा एक बेत होता. पार्काच्या दारात सून भांडायला तोंड उघडेल, तेव्हा आपण हात वर करायचा आणि मोठ्या मनाने म्हणायचं, "चल, तुझ्या हॉटेलात चल." दाढी करताना आरशात बघून त्यांनी हे वाक्य घासूनपुसून ठेवलं होतं.

जायच्या दिवशी सगळे इतके गोड वागत होते की नात दोनदा विचारून गेली, कोणी आजारी आहे का. मिस्त्रींनी हॉटेलला शोभेल अशी इस्त्रीची पँट घातली होती आणि बुटांना पॉलिश केलं होतं. सुनेच्या एका पिशवीत काहीतरी खणखणत होतं. मिस्त्रींनी वाकून पाहिलं, तर आत तवा, दोन पातेली आणि लायटर. हॉटेलात तवा? असेल बुवा, आपल्याला काय, असं म्हणून त्यांनी मान फिरवली. सून त्यांच्या बुटांकडे बघत होती, ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

पार्क जवळ आला तसा रस्ता फुटला. डावीकडे हॉटेल, उजवीकडे केबिन.

"डावीकडे घे," मिस्त्री म्हणाले.

"उजवीकडे घ्या," सून म्हणाली.

मुलाला सवयीने दोघांचं उलटंच ऐकू आलं आणि तो गाडी वळवायला लागला. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला आणि त्याने करकचून ब्रेक दाबला. मागच्या गाड्या भोंगे वाजवायला लागल्या. गाडीत मात्र आठवडाभर चाललेलं भांडण पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं, फक्त बाजू बदलून. सून म्हणत होती, हॉटेलच्या खिडक्या उघडत नाहीत, तुम्हीच म्हणालात ना? मिस्त्री म्हणत होते, तिथे नाश्ता आयता मिळतो, तुला नको का? ती म्हणाली, मला गालिचा चालत नाही. ते म्हणाले, गालिच्याला काय धाड भरलीय?

"पण बाबा, सुइट मी रद्द केलाय," सून शेवटी म्हणाली.



"कोणी सांगितलं होतं तुला?" मिस्त्री म्हणाले.

"तुमच्यासाठी केला. केबिन आहे ना आपली."

"केबिन मी रद्द केली. तुझ्यासाठी."

यानंतर दोघं जे काही बोलले ते सगळं उपकाराचंच होतं, पण अशा आवाजात की ऐकणाऱ्याला वाटावं, एकमेकांवर चोरीचा आळ घेतायत. तुझ्यासाठी. तुमच्यासाठी. मी एवढं केलं. मी काय कमी केलं? कोणी मागितलं होतं? मुलाने गाडी तशीच पुढे नेऊन आगाऊ नोंदणीच्या कार्यालयासमोर लावली.

तिथे दोन खिडक्या होत्या, एक केबिनची, एक हॉटेलची. दोन्हींमागे बाई एकच, ऑफिसातल्या चाकं लावलेल्या खुर्चीवर बसलेली. मिस्त्री केबिनच्या खिडकीपाशी गेले, तर म्हणाली, तुम्हीच रद्द केलीत, लगेच दुसऱ्यांनी घेतली. सून हॉटेलच्या खिडकीपाशी धावली. बाईने जमिनीला पाय लावला, खुर्चीसकट घरंगळत तिकडे गेली आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाली. मिस्त्रींनी वरिष्ठांना बोलवा म्हणून आवाज चढवला. बाई पुन्हा घरंगळत आली आणि म्हणाली, वरिष्ठ मीच. सुट्टीचा हंगाम होता. आसपास कुठे उंदराला बीळ मिळालं नसतं.

नात पायरीवर बसली. रडली नाही, नुसती पाळण्याकडे बघत बसली. ते पाहून खिडकीतल्या बाईला काय वाटलं कोण जाणे, तिने एक किल्ली काढली. सोंगं करणाऱ्या माणसांची विश्रांतीची खोली होती. मुक्कामाला सहसा कोणी नसतं. चालत असेल तर बघा.

खोली आगगाडीच्या शेडमागे होती. एकच, लांबडी. भिंतीला एकावर एक पलंग, आणि समोरच्या खुंट्यांवर ओळीने टांगलेली मुंडकी. अस्वल, ससा, बेडूक, पिवळं बदक. सगळी हसरी. मिस्त्रींना इतकी माणसं एकदम आपल्याला हसताना आयुष्यात कधी भेटली नव्हती. त्यांनी पलंग हलवला. स्क्रू ढिले. खिडकीची कडी मोडलेली. दार तर चौकटीला लागतच नव्हतं, कोणत्या गाढवाने बसवलंय म्हणाले, आणि सुरू झाले. लाकूड, बिजागऱ्या, पार्क, खिडकीतली बाई, मोबाइल, सगळ्यांची खरडपट्टी काढून ते परत सुइटपाशी आले. सरळ सुइट ठेवला असता तर ही वेळ आली असती का?

सुनेने तव्याची पिशवी जमिनीवर ठेवली. ठेवली म्हणजे टाकलीच.

"बाबा, मी तुम्हाला खुर्चीत झोपलेलं रोज बघते. टीव्ही मीच बंद करते. म्हणून रद्द केला मी सुइट. पण तुम्हाला नक्की हवंय काय, ते एकदा तुमच्या तोंडाने सांगा. आता मधे सांगायला आई नाहीत."

मुलगा बेडकाच्या मुंडक्याकडे बघायला लागला. मिस्त्रींनी रागाने तोंड उघडलं, आणि रागाचं एकही वाक्य सापडेना. मग जे तोंडात आलं तेच बाहेर पडलं.

"मला बंद खोलीत एकट्याला झोप लागत नाही. ती गेल्यापासून. आता हसा."

हसलं कोणी नाही. फक्त भिंतीवरची मंडळी हसत होती, त्यांचा इलाज नव्हता.

"एवढंच?" सून म्हणाली. मग तव्याच्या पिशवीकडे बोट दाखवून म्हणाली, "आणि मला सुट्टीत स्वयंपाक करायचा नाही. हे तुमच्यासाठी आणलं होतं, पण करायचा नाही."

"मग नको करूस," मिस्त्री गुरकावले.

मुलगा खाकरला. त्याला वरचा पलंग नको होता, उंचीची भीती वाटते म्हणाला, लहानपणापासून वाटते. हे बापाला आज कळत होतं. मिस्त्रींनी त्याला खालचा दिला आणि वरचा स्वतः घेतला, तोही त्या सुताराला शिव्या देत. बाहेरून विकत आणलेलं सगळ्यांनी पलंगावर बसूनच खाल्लं. एकाच्या गुडघ्याला दुसऱ्याचा गुडघा लागत होता. वर पाठ टेकता टेकता मिस्त्रींना खालून कोणाची तरी कूस बदललेली ऐकू आली, आणि पुढचं काही आठवत नाही.

सकाळी ते उठले तेव्हा बायको गेल्यापासून पहिल्यांदाच मान सरळ होती. उन्हं आत आली होती. अंगात असा जोर होता की एकट्याने सगळ्या पार्काची दारं बसवावीत. त्यांनी आनंदाने खाली पाहिलं.

खाली मुलगा बसला होता, डोळे लालभडक. सून उशी कानावर दाबून भिंतीला टेकली होती. अस्वलाचं मुंडकं खुंटीवर नव्हतं. ते नातीने घातलं होतं.

"रात्रभर आगगाडी चालू होती का?" मिस्त्रींनी विचारलं.

"आगगाडी कसली, बाबा," मुलगा म्हणाला. "तुम्ही घोरत होता."

मिस्त्री भडकले. चाळीस वर्षांच्या संसारात बायकोने एकदाही तसं म्हटलं नव्हतं. एकदाही. तुमचे कान नाजूक, म्हणाले. ती माउली शेजारी झोपायची, तिला कधी त्रास झाला नाही आणि तुम्हाला एका रात्रीत झाला?

अस्वल जरा हललं.

"आजी कापूस घालायची ना कानात," आतून नात म्हणाली. "रोज. केबिनमध्ये तर सगळे झोपले की सगळ्यांच्याच कानात घालायची. सकाळी तुम्ही उठायच्या आत काढायची. कोणाला सांगू नको म्हणाली होती."

मिस्त्री वरच्या पलंगावर तसेच बसून राहिले. चाळीस वर्षं! त्यांना बायकोचा असा राग आला की ती समोर असती तर दिवसभर भांडले असते, आणि तिने ऐकून घेतलं असतं, कापूस असो नसो.  मग त्यांनी खिशात हात घातला आणि मुलाला हाक मारली.

"अजून एक रात्र आहे. औषधाच्या दुकानात जा," ते दरडावून म्हणाले, "आणि कापूस आण. मोठं पुडकं आण."