हौदात पडलेली सरकारी मालमत्ता

सी हम्मादींच्या घरच्या पाण्याच्या हौदात एक रानडुक्कर पडलं. बाब गंभीर होती. अ‍ॅटलासच्या डोंगरातली सगळी रानडुकरं सरकारच्या मालकीची, आणि त्या गावापुरतं सरकार म्हणजे खुद्द सी हम्मादी. वनचौकीत सव्वीस वर्षं कारकुनी. डुकरांनी बटाटे उकरले म्हणून कोणी रडत आलं, की ते चष्मा सावरून सांगत, "जनावर सरकारी आहे. हात लावायचा नाही. अर्ज करा, तीन प्रतींत."

आता हौदात जनावर, घरात पाण्याचा थेंब नाही आणि गोठ्यात गाय हंबरतेय.

"अहो, काढा ना ते बाहेर!" बायको इत्तो करवादली. "आधीच हराम, त्यात पिण्याच्या पाण्यात बसलंय मेलं!"

"परवानगीशिवाय? माझ्यावर गुन्हा नोंदवतील."

"कोण नोंदवेल?"

सी हम्मादींनी जरा विचार केला. "मीच."

त्यांनी अर्ज लिहिला, चौकीत जाऊन स्वतःलाच सादर केला आणि त्रुटी काढून परत पाठवला. जनावर नर की मादी, हे लिहायचं राहिलं होतं. घरी येऊन ते हौदात वाकले, तर डुकरानं तोंडावर पाणी उडवलं. दुसऱ्या अर्जावर मात्र शिक्का बसला: 'पंधरा दिवसांत पाहणी होईल.' शेरा इतका सुबक उतरला होता, की त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं.

"पंधरा दिवस गाईला काय शिक्का पाजू?" इत्तो म्हणाली.

शेजारचा मोहा रोज गाढवावरून पाणी आणून देऊ लागला. हाच तो मोहा, ज्याचे बटाट्यांचे अर्ज चौकीच्या कपाटात धूळ खात पडले होते. त्याच्या हातून घागर घेताना सी हम्मादींना मेल्याहून मेल्यासारखं झालं; पण कपाट काही त्यांनी उघडलं नाही.

सहाव्या दिवशी मोहानं कोणालाही न विचारता हौदात एक लांब फळी तिरकी सोडली. डुक्कर खडखडत वर आलं, अंग झटकलं आणि मोहाचेच बटाटे तुडवत डोंगरात पळालं.

"सुटलात साहेब!" मोहा हसला. "चला, चहा घेऊ."

सी हम्मादींनी त्याच्या घरी पुदिन्याचा चहा घेतला. "तुझे उपकार कसे फेडू रे?" म्हणताना त्यांचे डोळे खरोखर भरून आले. मग चौकीत जाऊन त्यांनी मोहावर गुन्हा नोंदवला: सरकारी मालमत्ता विनापरवाना मोकळी सोडणे. तीन प्रतींत.

साक्षीदाराची जागा तेवढी रिकामी आहे. वाचकहो, तुम्ही पहिल्या दिवसापासून हौदाच्या काठावर उभे राहून हसताय, आणि फळीला हातही लावला नाहीत. नियमात बसता. घ्या, इथे सही करा.