दवाखान्याखालून जाणारी तुटक रेषा

खरं म्हणजे गोष्ट चार बोटांची होती. दुकानात दोन लॅपटॉप शेजारी शेजारी उघडे ठेवले होते. एक बेताचा, आणि दुसरा त्याच्यापेक्षा चार बोटं रुंद. नकाशानवीसांनी दोन्हींकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि मोठ्यावर हात ठेवला. "हाच."

"अहो, हा तुमच्या पिशवीत मावायचा नाही," बायको म्हणाली.

"पिशवी बदलता येते." (पिशवी बदलली नाही. एवढी मोठी पिशवी फक्त गादीवाल्याकडे मिळते, हे पुढे कळलं.)

त्यामुळे लॅपटॉप घरातच राहिला. सकाळी नकाशानवीस पाणीपुरवठा खात्याच्या कचेरीत जात आणि तिथल्या बारक्या पडद्यासमोर बसून सुस्कारे सोडत. गावाचा एक कोपरा बघायचा तर दुसरा कोपरा पडद्याबाहेर जायचा. संध्याकाळी घरी आले की तोच नकाशा मोठ्या पडद्यावर उघडत, हाताची घडी घालून मागे रेलत आणि म्हणत, "अख्खं गाव! एका नजरेत! सरकवायला नको, मोठं-लहान करायला नको!" जेवणं झाली की त्याच पडद्यावर सिनेमा. दुपारी ते कचेरीत असताना सासूबाईंच्या मालिका. आणि उरलेल्या वेळात बायकोचं शिवणकाम.

शिवणकाम कसं, तर तो लॅपटॉप पाटासारखा पूर्ण सपाट उघडायचा. पहिल्याच आठवड्यात नकाशानवीसांनी हा गुण घरात सगळ्यांना दाखवला होता. "पूर्वी आमच्याकडे काचेचं टेबल असायचं, खाली दिवा. वर कागद ठेवला की खालची रेघ लख्ख! हे बघ, पडद्यावर कोरं पांढरं पान लावायचं. झालं टेबल तयार!" बायकोनं पाहिलं आणि लक्षात ठेवलं. बायका काय लक्षात ठेवतील हे आधी कळत नाही, तिथेच माणूस फसतो.

तर त्या दिवशी अकरा वाजता साहेबांची बैठक होती. साहेब दौऱ्यावर असल्यामुळे ती आपापल्या जागेवरून, पडद्यावरच व्हायची होती. नकाशानवीसांनी तीन महिने खपून केलेला नव्या टाकीचा नकाशा तिथे पसंत झाला, तर ते मुख्य नकाशानवीस होणार. नाही झाला, तर तळघरातली नोंदखोली. तिथे त्यांनी आधी पाच वर्षं काढली होती. ओल, झुरळं आणि लुकलुकणारी एकच ट्यूब. त्या खोलीच्या नुसत्या आठवणीनं त्यांना अजून शिंका यायच्या. सतरा वर्षांच्या नोकरीत ही एकच संधी आली होती, आणि पुन्हा येईल अशी चिन्हं नव्हती.

बैठकीच्या धास्तीनं आदल्या रात्री त्यांनी लॅपटॉप उघडलाही नव्हता. मोठ्या पडद्यासाठी घरीच थांबून सव्वादहाला त्यांनी धुतलेला शर्ट घातला, लॅपटॉप उघडला, नकाशा पडदाभर लावला आणि हाताची घडी घालून मागे रेलले.

आणि ताडकन पुढे आले.

नकाशावर एक रेषा जास्त होती. टाकीपासून निघालेली, तुटक, बारीक ठिपक्यांची. दवाखान्याखालून जाऊन, बाजाराला वळसा घालून, शाळेच्या मैदानातून पुन्हा जवळजवळ टाकीपाशीच आलेली. आता नकाशात सलग रेघ म्हणजे जमिनीत असलेली जलवाहिनी आणि तुटक रेघ म्हणजे पुढे घालायची. म्हणजे कुणीतरी दवाखान्याखालून जलवाहिनी घालायला निघालं होतं!

नकाशानवीसांनी चष्मा पुसला. रेषा होती. रुमालानं पडदा पुसला. रेषा होतीच. बोट दाबून खोडायला गेले, तर खोडता येईना. येणार कसं? काल दुपारीच ती साहेबांकडे रवाना झाली होती आणि तिला कुलूप लागलं होतं. आता तिला फक्त साहेब हात लावू शकत होते.

"अहो, माझं दातेरी चाक पाहिलंत का?" बायको दारात उभी. "कापडावर खुणा करायचं. सकाळपासून शोधतेय. बारा वाजता त्या बाई येतील पोशाख न्यायला, आणि एक बाही अजून लावायची आहे."

"अगं, इथे दोन-अडीच किलोमीटर जलवाहिनी वाढलीय, आणि तुझं काय चाक!"

"वाढली? कशी वाढली?"

"तेच तर कळत नाही!"

सासूबाई खुर्चीत बसून लॅपटॉपकडेच बघत होत्या. "जावईबापू, मी काय म्हणते, त्या पडद्यावर ना..."

"आई, आत्ता नको. मालिका दुपारी. हे सरकारी काम आहे, त्यातलं तुम्हाला कळायचं नाही."

सासूबाईंनी तोंड मिटलं.

नकाशानवीसांनी कचेरीत फोन लावला. टेबलाला टेबल लावून बसणाऱ्या सहकाऱ्यानं उचलला.

"फायलीला कुणी हात लावला का रे?"

"कुणी म्हणजे? साहेबांनी. काल संध्याकाळी उघडली होती. बराच वेळ उघडी होती."

नकाशानवीसांनी फोन ठेवला. साहेबांची खोड सगळ्या खात्याला ठाऊक होती. कुणाच्याही कामात गुपचूप एक बदल करून ठेवायचा आणि बैठकीत शेवटी साळसूदपणे विचारायचं, "आणखी काही?" ज्याच्या लक्षात आलं तो जागरूक, ज्याच्या नाही तो गेला तळघरात. मागच्या वर्षी एका टाकीची उंची त्यांनी परस्पर दुप्पट केली होती. त्या टाकीचा नकाशा काढणारा गृहस्थ अजून नोंदखोलीत शिंकतोय. शिवाय रेषा राखाडी होती, आणि साहेबांना रंग निवडता येत नाहीत हेही जगजाहीर होतं.

"म्हणजे परीक्षा आहे," नकाशानवीस पुटपुटले. त्यांनी ड्रॉवरमधून पट्टी काढली, पडद्याला लावली आणि रेषा मोजली. प्रमाणानं गुणली. भरली दोन किलोमीटर सहाशे मीटर. आता निघाली तिथेच परत येणाऱ्या वाहिनीचा उपयोग काय? टाळूला घाम फुटेपर्यंत विचार केला तेव्हा कुठे सुचलं: पाण्याचा दाब सारखा ठेवणे! घाईघाईनं अर्धं पान लिहून काढलं. वाचलं तेव्हा त्यांना स्वतःलाच ते पटायला लागलं. (माणूस घाबरला की फार पटकन पटतं.)

"जावईबापू, एकच सांगते..."

"आई! अकराला तीन मिनिटं आहेत!"

"बरं बाबा, राहिलं."

बैठक सुरू झाली. साहेब, बाहेरून बोलावलेल्या सल्लागार बाई आणि निवृत्तीला आलेले एक ज्येष्ठ अभियंते. प्रत्येकानं फाईल आपापल्या पडद्यावर उघडली होती. नकाशानवीसांनी सगळे चेहरे बाजूला सारून नकाशाच पडदाभर ठेवला, म्हणजे धीर राहील. बोलले मात्र छान. टाकी, उतार, झडपा, सगळं पाठ. सल्लागार बाईंनी दोन वेळा "वा" म्हटलं. पलीकडच्या खोलीत शिवणयंत्रसुद्धा मान राखून थांबलं होतं.

मग साहेबांचा आवाज आला. "छान. आणखी काही?"

हाच तो प्रश्न!

"आहे साहेब," ते म्हणाले. "ती तुटक रेषा."

पलीकडून खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला.

"कुठली तुटक रेषा?" साहेबांनी विचारलं.

काय पण साळसूद माणूस! नकाशानवीस मनात म्हणाले. उघड म्हणाले, "दवाखान्याखालून जाणारी, साहेब. बाजाराला वळसा घालून मैदानातून परत टाकीकडे. दोन किलोमीटर सहाशे मीटर. दाब सारखा राहावा म्हणून अत्यंत दूरदृष्टीनं योजलेली आहे."

"मला दिसत नाही," सल्लागार बाई म्हणाल्या.

"बारीक आहे, बाई. राखाडी आहे."

ज्येष्ठ अभियंत्यांनी घसा खाकरला. त्यांना गेली चार वर्षं नकाशातलं काहीच दिसत नव्हतं, पण ते कबूल करायची त्यांची तयारी नव्हती. "हो हो, आहे की! मी मघाशीच पाहिली. उत्तम कल्पना आहे."

आता साहेब एकटे पडले. आपल्या हाताखालच्या माणसाला दिसतं, म्हाताऱ्याला दिसतं, आणि आपल्याला दिसत नाही? "हां, ती होय," ते सावकाश म्हणाले. "ती... ती माझ्याही मनात होतीच."

नकाशानवीसांना आनंदानं भरून आलं. ओळखलं की नाही बरोबर!

"मग त्या कामाला पुढच्या महिन्यातच हात घालू," साहेबांना जोर चढला. "दवाखान्यासमोरचा रस्ता आधी खोदायला घ्या. आणि तुम्ही समोर या हो, तोंड दाखवा. मुख्य नकाशानवीसाचं तोंड तरी बघू दे सगळ्यांना."

मुख्य नकाशानवीस! घाईघाईनं त्यांनी नकाशा बंद केला. पडदाभर साहेबांचा चेहरा आला. प्रसन्न, गोल, दोन विती रुंद.

आणि त्या चेहऱ्यावर, कपाळापासून निघून, डाव्या डोळ्याखालून नाकाला वळसा घालून, हनुवटीवरून परत कानापाशी जाणारी तीच तुटक रेषा!

नकाशानवीसांनी डोळे मिटले, उघडले. साहेब हसले, रेषा हलली नाही. साहेबांनी मान वळवली, रेषा हलली नाही. नकाशा गेला होता आणि जलवाहिनी जागच्या जागी होती.

इतका वेळ एकदा, फक्त एकदा नकाशा बोटानं सरकवला असता तरी कळलं असतं! पण मोठ्या पडद्यावर सरकवतो कोण? आता काय करावं? खरं सांगावं, तर साहेब सर्वांदेखत खोटे पडतात, आणि मग तळघर ठरलेलं. गप्प बसावं, तर पुढच्या महिन्यात दवाखान्याच्या दारात खंदक. रोग्यांच्या खाटा फळीवरून न्यायच्या, आणि त्या फळीवर बोट ठेवून गाव विचारणार, ही अक्कल कुणाची?

"काय हो, एवढे पांढरे का पडलात?" साहेबांनी विचारलं.

"साहेब..." नकाशानवीस खुर्चीच्या टोकावर आले. त्यांना फार भीती वाटत होती. "साहेब, ती रेषा..."

"सापडलं!" पोशाखाच्या आराखड्याचा कागद हातात घेऊन बायको खोलीत आली. तिनं लॅपटॉपच्या मागचा कोपरा उचलला आणि खालून दातेरी चाक ओढून काढलं. "काखेत कळसा आणि गावाला वळसा! काल इथेच कागद ठेवून मुंढा उतरवला ना मी." मग तिची नजर पडद्यावर गेली. हातातला कागद तिनं साहेबांच्या चेहऱ्यावर ठेवला. कागदावरचा वळसा रेषेवर ठिपक्याला ठिपका बसला. "अगं बाई! अहो, हा तर माझा मुंढाच उमटलाय! बाही लावायची जागा! जास्तच दाबलं वाटतं मी चाक."

पलीकडून हे सगळं, शब्दन् शब्द, तिघांनी ऐकलं.

सल्लागार बाई आधी खोकल्या, मग पडद्यावरून नाहीशा झाल्या, आणि बराच वेळ टेबलाखालून त्यांचं हसणं ऐकू येत राहिलं. ज्येष्ठ अभियंते म्हणाले, "मी म्हटलंच होतं, जरा वेगळी वाटते."

बायकोनं जीभ चावली आणि कागद मागे घेतला. साहेबांचा चेहरा पुन्हा दिसायला लागला. तो हसत नव्हता.

"साहेब, चूक माझी आहे," नकाशानवीस म्हणाले. आवाज चिरकला, पण थांबले नाहीत. "रेषा फायलीत नाहीच. माझ्या पडद्यावर चरा आहे. मी नीट न बघता तिचं समर्थन केलं. रस्ता खोदू नका."

नकाशानवीसांच्या नाकाला आत्ताच ओल झोंबायला लागली. त्यांना शिंक आली.

"मला पहिल्यापासून ठाऊक होतं," शेवटी साहेब म्हणाले. "मी फक्त बघत होतो, शेवटी खरं कोण बोलतं."

ज्येष्ठ अभियंत्यांनी लगेच मान डोलावली. साहेबांना तेच हवं होतं.

"नकाशा चांगला आहे. मंजूर. पदही तुमचंच. पण दोन अटी. यापुढचं काम कचेरीतल्या छोट्या पडद्यावर. आणि नकाशा माझ्याकडे पाठवायच्या आधी तुमच्या मिसेसना दाखवत जा."

बैठक संपली. नकाशानवीस खुर्चीत मागे कोसळले. बायकोचे डोळे भरून आले होते. "अहो, रागावलात का? नवाकोरा पडदा खराब केला मी."

"रागावू कशाला? युक्ती मीच शिकवली होती ना!" ते म्हणाले, आणि त्यांना एकदम हसू फुटलं. "जा, तुझ्या बाई येतील. बाही लाव आधी."

ती गेली. यंत्र पुन्हा सुरू झालं. मुख्य नकाशानवीस आपल्या एवढ्या मोठ्या पडद्याकडे बघत बसले आणि म्हणाले, "सतरा वर्षांची नजर माझी! आणि एक चरा ओळखता येऊ नये?"

"आता बोलू का मी?" सासूबाईंनी विचारलं.

"बोला ना, आई."

"मी सकाळपासून तेच सांगत होते. काल मालिका लावली, तर सुनेच्या गालावर व्रण. म्हटलं, असेल. मग सासूच्याही गालावर, तिथेच. मग डॉक्टरच्या, मग वकिलाच्या. पाळण्यातल्या बाळालाही तोच व्रण आला, तेव्हा मी ओळखलं की पडद्याला चरा गेलाय." त्यांनी चष्मा सारखा केला. "पण म्हटलं, सरकारी काम आहे, त्यातलं आपल्याला कळायचं नाही."