एका हातानं फिरलं पायजे

आप्पा गाडीचं तेल चाखायचे. इंजिनाचं नव्हे, पॉवर स्टिअरिंगचं. बॉनेट उघडून डबीत बोट बुडवायचं, चिमटीत चोळायचं, हुंगायचं आणि जिभेच्या शेंड्याला लावून डोळे मिटायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या हातातलं दुधाचं भांडं सुटता सुटता राहिलं.

"जळकं लागतंय," ते थुंकून म्हणाले. "बेल्ट घसरतोय."

आप्पा आमचे शेजारी, निपाणीतले जुने तंबाखू व्यापारी. तंबाखू चोळून, हुंगून पारखण्यात हयात गेली. गाडीलाही तीच परीक्षा. गाडी अमेरिकन, जुनी, आमच्या गल्लीच्या मानानं फारच लांब. स्टिअरिंगचं चाक फिरवलं की आतला पंप कण्हायचा. एके दिवशी स्टिअरिंग इतकं जड झालं, की वळणावर आप्पा सीटवरून अर्धे उठून दोन्ही हातांनी चाक ओढताना दिसले.

कोल्हापूरहून मिस्त्री आला. "आप्पा, ही पॉवरची भानगड काढून टाकतो. साधं बसवूया, लॉरीगत."

"न्हाय. एका हातानं फिरलं पायजे."

"तुम्हास्नी दोन हात हाईत की."

"एका हातानं."

दोन्ही हात धडधाकट असलेल्या माणसाचा हा हट्ट गल्लीत कुणालाच कळेना. दुसऱ्या हातानं लोकांचे रामराम घ्यायचे असतील, असा माझा तर्क.

मिस्त्रीनं पंप खोलला, तर आतल्या जाळीत कापसासारखा लगदा. आप्पा घरात गेले आणि एक विरलेलं फडकं घेऊन आले. त्यांच्या जैन घरात पाणी गाळल्याशिवाय कुणी पीत नसे. आप्पा स्टिअरिंगचं तेलही फडक्यातून गाळून ओतत होते, आणि दर वेळी फडक्याची सुतं आत जात होती.

"जीवजंतू असत्यात," आप्पा म्हणाले.

"तेलात?" मिस्त्रीनं फडकं उजेडात धरून पाहिलं.

त्यानं पंप धुतला, बेल्ट बदलला, नवं तेल न गाळता ओतलं आणि चाक या टोकाचं त्या टोकाला फिरवून आतली हवा काढली. आप्पांनी करंगळीनं चाक फिरवून पाहिलं. मला म्हणाले, "रविवारी सकाळी वखारीमागच्या मैदानावर या. ट्रायल हाय."

गेलो, तर काय! चाकामागं आक्का होत्या, आप्पांच्या पत्नी. लकव्यानं डावी बाजू गेल्यापासून त्या घराबाहेर कुणाला दिसल्याच नव्हत्या. गाडीला क्लच नव्हता, त्यामुळे उजवा पाय पुरत होता. उजवा हात चाकावर, शेजारी आप्पा. मैदानाला एक फेरी मारून गाडी माझ्यापुढे थांबली.

मी खिडकीशी वाकलो. "आप्पा, हे काय आरंभलंय? वखारीच्या भिंतीवर गेली असती म्हणजे?"

"जाऊ दे गेली तर. ही भिंतीकडंच तोंड करून पडून असायची. जेव म्हटलं तर न्हाय, ऊठ म्हटलं तर न्हाय. एकदाच बोलली, जल्मभर मागच्या सीटवर बसले, एकदा चालवून बघायची हुती. आज पहाटं आपणहून म्हनाली, साडी नेसवा."

तेव्हा कुठे माझं लक्ष गेलं. आक्कांच्या हिरव्या साडीच्या निऱ्या एका कुशीला गेल्या होत्या, पदर उलट्या खांद्यावर होता.

"मीच नेसवली," आप्पा खाली बघत म्हणाले. "निऱ्या काय जमल्या न्हाईत."

"ऱ्हाऊ द्या तशाच," आक्का जड जिभेनं म्हणाल्या आणि चाक वळवायला लागल्या.